इंजिनाची ताकद डावांवरून ठरवायची की अवघड स्थितींवरून?

अडीच घरं

रेटिंगच्या यादीत जे बुद्धिबळाचं इंजिन वर, तेच विश्लेषणालाही उत्तम, असं सर्रास धरून चाललं जातं. मला ते पटत नाही. यादीतलं रेटिंग डावांतून येतं, आणि ते डाव बऱ्यापैकी छोट्या वेळात खेळलेले असतात. आयसीसीएफ या पत्रबुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत खेळणाऱ्याला इंजिन वापरायची मुभा आहे. तो एकेका स्थितीवर रात्रभर मशीन चालू ठेवतो. बळी देऊन जिंकणारी चाल पटावर असेल तर ती गाळली जाऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.

इंजिन गाळतं कसं? तोपालोव्ह–शिरोव्ह, लिनारेस १९९८ घ्या. ४७व्या चालीला काळ्याने उंट एच३ वर ठेवला, थेट जी२ च्या प्याद्याच्या तोंडात. शह नाही, मारामारी नाही. पटावर विरुद्ध रंगांचे उंट, म्हणजे एरवी बरोबरीचा वास. पण त्या एका चालीने काळ्या राजाला एफ५ वरून ई४ ला जाण्यासाठी लागणारा टेम्पो (एका चालीची आघाडी) मिळतो, आणि मग ए व डी ही दोन प्यादी पांढऱ्याला आवरत नाहीत. इंजिन ज्या क्रमाने चाली तपासतं त्यात अशी चाल तळाला जाते. तळाच्या चाली कमी खोलीपर्यंतच बघायच्या, हे लेट मूव्ह रिडक्शनचं तत्त्व. उंट गेलेला दिसतो, भरपाई मात्र सहा-सात चालींनंतर येते. म्हणून ही स्थिती इंजिनांना वर्षानुवर्षं नडली. आजचं स्टॉकफिश हे इंजिन ती सोडवतं, पण याच जातीच्या नव्या स्थिती अजूनही नडतात.

माझी पद्धत अशी : स्थितींची ईपीडी फाइल (दर ओळीला एक स्थिती आणि तिचं उत्तर), प्रत्येक स्थितीला ६० सेकंद, एक थ्रेड (एका वेळी एकच शोध), हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा) २५६ एमबी, प्रत्येक स्थितीआधी हॅश रिकामा, ओपनिंग बुक बंद, मल्टीपीव्ही (किती सर्वोत्तम चाली दाखवायच्या) १. योग्य चाल मधेच दिसून गेली तर ती मोजायची नाही, वेळ संपेपर्यंत टिकली तरच सुटली म्हणायची. स्टॉकफिशला न सुटलेल्या स्थिती वेगळ्या काढून त्यांच्यावर क्रिस्टलसारखी त्याचीच सुधारित रूपं चालवली की फरक लगेच दिसतो.

सरळ हत्ती

असहमत. इंजिन खेळण्यासाठी असतं आणि खेळातच तपासलं जातं. स्टॉकफिशमधला प्रत्येक बदल फिशटेस्टवर, म्हणजे त्याच्या चाचणी यंत्रणेवर, आधी डावाला १० सेकंद अधिक दर चालीला ०.१ अशा वेळात आणि मग ६० अधिक ०.६ मध्ये पास व्हावा लागतो. एसपीआरटीची (किती डावांनंतर थांबायचं ते ठरवणारी संख्याशास्त्रीय कसोटी) मर्यादा ±२.९४, म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकीची शक्यता ५ टक्के. दोन-चार एलोचा (रेटिंगच्या गुणांचा) फरक पकडायला हजारो, कधी लाखाच्या घरात डाव लागतात. तुमच्या फाइलमध्ये ६०-१०० स्थिती. कुठे ते, कुठे हे!

शिवाय छाटणी (चाली खोलात न बघता सोडणं) कमी केली की कोडी जास्त सुटतात, हे तर उघडच आहे. त्याची किंमत बाकीच्या सगळ्या स्थितींत मोजावी लागते, कारण तेवढ्याच वेळात खोली कमी मिळते. डावात शंभरातल्या नव्वद स्थिती साध्याच असतात.

अडीच घरं

हत्तीराव, डावात शंभरातल्या नव्वद स्थिती साध्या असतात हे मान्य. पण विश्लेषक इंजिनाला साध्या स्थिती विचारायला बसत नाही. फिशटेस्ट सांगतं की हा बदल सरासरीने फायद्याचा आहे. कुठल्या जातीच्या स्थितीत तो आंधळा झाला, हे सरासरीतून कळत नाही. नल मूव्ह या छाटणीचंच बघा. ‘माझी पाळी सोडली तरी मी वर आहे, मग खोलात कशाला जा’ हा तर्क झुगझ्वांगमध्ये, म्हणजे कुठलीही चाल केली तरी नुकसानच होतं अशा स्थितीत, कोसळतो. म्हणून तिथे पडताळणीचा वेगळा शोध घालावा लागतो. तो नीट चालतो का, हे लाखभर डावांत बुडून जाईल. झुगझ्वांगच्या वीस स्थिती लावा, दहा मिनिटांत कळेल.

नोंदवही

अडीच घरं यांच्या बाजूने एक भर. स्थिती म्हणजे निदानाचं साधन, क्रमवारीचं नव्हे. फाइनच्या एन्डगेमच्या पुस्तकातली ७० क्रमांकाची स्थिती इंजिन लिहिणाऱ्या प्रत्येकाने चालवून बघावी. पांढरा : राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा : राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. पांढऱ्याची खेळी, उत्तर राजा बी१. प्यादी अडकलेली, फिरतात फक्त राजे, त्यामुळे त्याच त्या स्थिती वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा येतात. हॅश टेबल धड असेल तर उत्तर झटकन येतं. खोली वाढेना आणि इंजिन घुटमळत राहिलं, तर समजावं की नोंदी चुकीच्या लिहिल्या किंवा वाचल्या जातायत. हा दोष डावांत काही एलोंची तूट म्हणून दिसेल, पण कुठे आहे ते कळणार नाही.

१९८२ चा ब्रात्को-कोपेक हा चाचणी संच आठवा. २४ स्थिती, निम्म्या डावपेची, निम्म्या प्याद्यांच्या रेट्याच्या, प्रत्येकी दोन मिनिटं. त्यावरून रेटिंगचा अंदाज बांधायचे. तेव्हाची इंजिनं पाहता ते चाललं. आज तो अंदाज हास्यास्पद ठरेल.

बळीचा_बकरा

दोघेही ज्यावर भांडताय त्याच्या आधीचा प्रश्न : फाइलमधलं उत्तर बरोबर आहे का?

कास्पारोव्ह–तोपालोव्ह, वाइक आन झी १९९९. २४व्या चालीला हत्तीने डी४ चं प्यादं मारलं, जगभर टाळ्या. पण काळ्याने तो हत्ती न घेता राजा बी६ वर नेला असता तर डाव टिकला असता. पुढे २८व्या चालीला वजीर सी३ पेक्षा लगेच हत्ती ए७ अधिक जोरदार होता, हेही नंतरच्या विश्लेषणात निघालं. आता कोणी २४व्या किंवा २८व्या चालीची स्थिती ‘सर्वोत्तम चाल’ म्हणून खेळलेली चाल लिहून फाइलमध्ये टाकली, तर हुशार इंजिनच नापास होणार! जुन्या संचांत असा कचरा बराच आहे, कारण ते निवडले गेले तेव्हा तपासणारा माणूस होता.

निवडताना किमान एवढं करा : मल्टीपीव्ही ३ लावून तासभर चालवा. पहिली चाल जिंकणारी आणि दुसरी न जिंकणारी असली तरच स्थिती ठेवा. दोन्ही जिंकत असतील, एक जरा वेगाने, तर फेकून द्या. पटावर सात किंवा कमी सोंगट्या असतील तर सिझिजी टेबलबेसला (अशा स्थितींची अचूक उत्तरं साठवलेला संग्रह) विचारा, वादच मिटतो. आणि ‘ही चाल टाळा’ प्रकारच्या ओळी गुणांत धरू नका. तीस कायदेशीर चालींतली एक टाळायची असेल तर डोळे मिटूनही पास होता येतं.

इंजिनाने स्थितीला दिलेल्या गुणांची किमान पातळी लावणाऱ्यांनाही एक सूचना. स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० चा अर्थ ‘जिंकण्याची शक्यता ५० टक्के’ असा ठरवलाय. जुन्या आवृत्तीचा +२ आणि नव्याचा +२ एक नाहीत, दुसऱ्या इंजिनाचा तर नाहीच.

सरळ हत्ती

बकऱ्याने फाइल साफ केली असं धरू. तरी मूळ दोष राहतोच, आणि तो मूळ धाग्याच्या शेवटच्या वाक्यात आहे : ‘स्टॉकफिशला न सुटलेल्या स्थिती वेगळ्या काढून’.

समजा ४० स्थिती अशा आहेत की मिनिटभरात सुटण्याची शक्यता निम्मी-निम्मी. एका फेरीत त्यातल्या साधारण २० सुटणार नाहीत, त्या तुमच्या यादीत आल्या. आता स्टॉकफिशच्याच फाइलचं नाव बदलून दुसरा स्पर्धक म्हणून बसवा. तो त्यातल्या दहाएक सोडवेल. मूळ स्टॉकफिशच्या खात्यावर आधीच शून्य लिहिलेलं आहे. झाला की नाही विजय, एकही ओळ न बदलता?

अडीच घरं

एका थ्रेडवर असं होत नाही. लेझी एसएमपीत, म्हणजे अनेक थ्रेड एकाच वेळी शोधतात तेव्हा, ते एकमेकांच्या हॅश नोंदी कोण आधी लिहील त्यानुसार भरकटतात, तिथे नशीब आहे. एक थ्रेड आणि ठरावीक नोड (किती स्थिती तपासायच्या ती संख्या) दिले की तेच इंजिन प्रत्येक वेळी तेच उत्तर देतं.

सरळ हत्ती

तेच इंजिन देतं, पण तुम्ही तुलना करताय बदललेल्या इंजिनाशी. कुठलाही निरर्थक बदल, म्हणजे समान गुणांच्या दोन चालींचा क्रम उलटा केला तरी, शोधाचं झाड वेगळं वाढतं. नाणं तुम्ही एकदाच उडवून गोठवलंत, दुसऱ्याचं मात्र ताजं उडतंय. खात्री करायची तर हॅश २५६ ऐवजी २४० करून तेच स्टॉकफिश तुमच्या यादीवर चालवा. मिनिटभरात एवढा हॅश भरून नोंदी पुसल्या जायला लागतात, तेव्हा फरक पडेलच.

नोंदवही

इथे हत्ती बरोबर आहेत. यावर उपाय दोन. पहिला, स्थिती निवडायला वापरलेलं इंजिन स्पर्धेत घ्यायचं नाही, किंवा निवड स्टुडीच्या, म्हणजे माणसांनी मुद्दाम रचलेल्या कोड्यांच्या, रचनांतून, इंजिनाला न विचारता करायची. लिचेस या संकेतस्थळावरची कोडी त्यासाठी नकोत. ती स्टॉकफिशच्या विश्लेषणातूनच निघालेली असल्याने त्याला सुटणारीच असतात. दुसरा, हॅशचे चार-पाच वेगवेगळे आकार घेऊन प्रत्येक इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्या करायच्या आणि स्थितीगणिक किती वेळा सुटली ते मांडायचं. वेळेचं गणित आवाक्यातलं आहे. एरेट या चाचणी संचात १११ स्थिती, प्रत्येकी १५ सेकंद, म्हणजे एक फेरी पावणेअठ्ठावीस मिनिटांची आणि पाच फेऱ्या सव्वादोन तासांच्या थोड्या वर.

आणि एकूण बेरजेची तुलना करू नका. दोघांना सुटलेल्या आणि दोघांना न सुटलेल्या स्थिती बाजूला ठेवा. समजा ‘अ’ ला सुटून ‘ब’ ला न सुटलेल्या ९, उलट्या ४. नऊ विरुद्ध चार ऐकायला दणदणीत वाटतं. पण १३ वेळा नाणं उडवलं तर एवढा किंवा याहून एकतर्फी निकाल सुमारे २७ टक्के वेळा निव्वळ योगायोगाने येतो.

तिरका उंट

मग न्यूरल जाळ्यावर चालणाऱ्या लीला या इंजिनाला या परीक्षेत कुठे बसवायचं? तिचा एक नोड म्हणजे जाळ्याचं पूर्ण मूल्यमापन, स्टॉकफिशच्या नोडशी तुलनाच नाही. त्यामुळे ठरावीक नोडची अट तिथे मोडते. आणि ती चुकते ती वेगळ्या कारणाने. जाळं बळीच्या चालीला सुरुवातीलाच अगदी कमी शक्यता देतं, मग शोध त्या फांदीकडे फिरकतच नाही. सी-पक्ट (नव्या फांद्या धुंडाळण्याचं प्रमाण) वाढवला की शोध पसरतो आणि कोडी सुटतात, पण मग ते नेहमीचं डाव खेळणारं इंजिन राहत नाही.

अडीच घरं

लीलाला वेळ देऊन तपासावं लागेल आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं ते निकालाशेजारी लिहावं लागेल. क्रमवारी लावणार नाही, कुठल्या जातीच्या स्थिती गाळते तेवढंच लिहीन.

हत्तीराव, निवडीचा मुद्दा मान्य, त्या यादीवरची तुलना मागे घेतो. फाइल नव्याने करतोय : स्टुडीतल्या स्थिती, बकऱ्याची गाळणी, ‘टाळा’च्या ओळी बाद, आणि २४० एमबीचं स्टॉकफिश दुसरा स्पर्धक म्हणून. क्रिस्टल त्या जुळ्या भावापेक्षा ठळकपणे जास्त सोडवत नसेल तर तसंच छापेन. पण विश्लेषणासाठी फिशटेस्टचे आकडे पुरेसे आहेत, हे अजून मानलेलं नाही.

सरळ हत्ती

नका मानू. मात्र मल्टीपीव्ही ४ लावून साधं स्टॉकफिशही तिसरा स्पर्धक म्हणून बसवा. मुळाशी चार चाली पूर्ण खोलीपर्यंत बघायला लावल्या की बरेचसे बळी तेच शोधून काढतं. मग वेगळ्या रूपाची गरज किती उरते, ते दिसेलच.