यासिन्या आणि जुन्या नकाशातलं क्योरोशमेझ्यो: गाव एकच का?

नकाशावेडा:
युक्रेनच्या कार्पेथियन डोंगरातल्या यासिन्यावर टिपण करतोय. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातल्या १:७५,००० नकाशावर त्या जागी 'क्योरोशमेझ्यो' आहे आणि रेखांश ४२ अंश! आजच्या नकाशात तर २४ च्या जरा पुढे. भानगड काय आहे? आणि एवढ्याशा गावात १९१९ साली प्रजासत्ताक कसं उभं राहिलं?

कागदपत्री:
गाव एकच, ते हंगेरियन नाव. त्या नकाशांचे रेखांश ग्रिनिचपासून नाही, फेरो बेटापासून (कॅनरी बेटांतलं एल् इएरो) मोजलेत. १७ अंश ४० मिनिटं वजा करा, बरोबर जागेवर याल. अक्षांशाला हात लावू नका, तो ४८ अंश १६ मिनिटांच्या आसपासच राहतो.
जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधणार असाल तर १ ऑक्टोबर १८९५ ही तारीख धरून चाला. हंगेरीत सरकारी नोंदणी तेव्हापासून. त्याआधीचं सगळं चर्च आणि सिनेगॉगच्या वह्यांत. हंगेरियन नोंदीत इवानचा यानोश झालेला असतो, त्यामुळे नुसत्या नावावर शोध अडतो. आडनाव आणि घर क्रमांक जुळवा.

तिसाकाठ:
प्रजासत्ताकाचं कोडं रेल्वेने सुटतं. १८९५ पर्यंत डोंगराखालच्या बोगद्यातून रूळ पलीकडच्या गॅलिशियाला (तेव्हाचा ऑस्ट्रियाचा प्रांत) जोडले गेले होते. जानेवारी १९१९ मध्ये पश्चिम युक्रेनी प्रजासत्ताकाची (गॅलिशियातलं नवं युक्रेनी राज्य) राजधानी त्याच मार्गावरच्या स्तानिस्लाविवला आली. ७-८ जानेवारीच्या रात्री हुत्सुलांनी (इथले डोंगरी युक्रेनी लोक) गावातली हंगेरियन शिबंदी निःशस्त्र केली. तेच हे प्रजासत्ताक, पुढारी स्तेपान क्लोचुराक. लगेच सिगेतवर (आज रुमानियात) चाल केली ती मात्र अंगाशी आली, रुमानियन फौजेने मागे रेटलं. ११ जूनला तीच फौज यासिन्यात शिरली नि कारभार आटोपला.
पुढे चेकोस्लोव्हाकिया, मार्च १९३९ पासून पुन्हा हंगेरी, १९४५ च्या करारानं सोव्हिएत संघ, १९९१ पासून युक्रेन. १९४१ चा उन्हाळा टिपणातून गाळू नका. हंगेरीने हद्दपार केलेल्या ज्यूंना याच स्टेशनातून पलीकडे पाठवलं. ऑगस्टअखेर युक्रेनमधल्या कामियानेत्स-पोदिल्स्कीला सुमारे २३,६०० ज्यू मारले गेले, त्यांत ही माणसं हजारोंनी होती.

नकाशावेडा:
फेरोचं गणित जुळलं. आता भूगोल: याब्लुनित्सा खिंडीपलीकडचं पाणी दुसऱ्या समुद्राला मिळतं, असं लिहू ना?

तिसाकाठ:
अजिबात नको, हमखास होणारी चूक आहे ती. ९३१ मीटरची ही खिंड पाणी विभागते खरी, पण अलीकडची काळी तिसा सर्बियात डॅन्यूबला मिळते आणि पलीकडची प्रुत खूप खाली, रुमानियातल्या गलात्सजवळ त्याच डॅन्यूबला. दोन्हींचं पाणी शेवटी काळ्या समुद्रातच. काळी तिसा उगम पावते स्विदोवेत्स रांगेत, होवेर्ला शिखराकडून (२,०६१ मी.) येते ती पांढरी तिसा. दोघींचा संगम राखिव गावाच्या थोडा वर, यासिन्यात नव्हे.

कागदपत्री:
फोटो टाकणार असाल तर नदीपलीकडच्या टेकडीवरचं १८२४ चं लाकडी स्त्रुकिव्स्का चर्च घ्या. २०१३ साली पोलंड-युक्रेनची जी १६ लाकडी चर्चं युनेस्कोच्या यादीत गेली त्यांतलं हे एक. शेजारचा घंटामनोरा वेगळा आहे आणि आधीचा, १८१३ चा, त्याला १८२४ साल चिकटवू नका.