विलगीकरण की अलगीकरण?

विचारणा
जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, 2005 वर मराठीत टिपण लिहितेय. ‘क्वारंटाईन’ आणि ‘आयसोलेशन’ दोन्हींसाठी वर्तमानपत्रांत ‘विलगीकरण’ छापलेलं दिसतं, काही ठिकाणी ‘अलगीकरण’ही आढळतं. दोन शब्द खरंच लागतात का, की एकाने भागेल?

उत्तर
ताई, एकाने भागणार नाही. नियमावलीच्या पहिल्याच कलमात दोन्हींच्या व्याख्या निराळ्या आहेत. आजारी माणसाला इतरांपासून दूर ठेवणं म्हणजे आयसोलेशन. त्याला ‘विलगीकरण’ म्हणावं, ‘विलगीकरण कक्ष’ आपल्याकडे रूढ आहेच. क्वारंटाईन म्हणजे जो आजारी नाही, पण ज्याला लागण झाली असावी असा संशय आहे, त्याच्या वावरण्यावर बंधन. त्यासाठी ‘अलगीकरण’ ठेवा.

हा काही शब्दांचा कीस नाही. अलगीकरणात धडधाकट माणसाला निव्वळ संशयावरून अडकवलेलं असतं. त्याने गुन्हा केलेला नाही, त्याला आजार झालेला नाही. अशा वेळी सरकारने काय दाखवून द्यायचं, हे मानवी हक्कांवर घालायच्या मर्यादांविषयीच्या 1984 च्या सिराक्यूझा तत्त्वांत आहे: बंधनाला कायद्याचा आधार हवा, ते खरोखर गरजेचं हवं, कमीत कमी जाचक हवं आणि मनमानी तर मुळीच नको. नियमावलीचं कलम 3 माणसाची प्रतिष्ठा, मानवी हक्क आणि मूलभूत स्वातंत्र्य यांचा पूर्ण मान राखायला सांगतं. ‘सगळे विलगीकरणात’ असं लिहिलं की हा बिनआजारी माणूस रुग्णांच्या रांगेत जातो आणि त्याच्या वतीने विचारायचा प्रश्नच कुणाला सुचत नाही.

दुसरं मत
फरक पटतो, पण वि आणि अ एवढ्यावर तो कोण लक्षात ठेवणार? मे 2020 मध्ये कोकणात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळांत ठेवलं होतं. बाकं भिंतीला सरकवून वर्गात अंथरुणं घातलेली, घरचा डबा फाटकाशी ठेवून माणूस मागे फिरायचा. म्हातारी माणसंसुद्धा बिनचूक ‘कोरंटाईन’ म्हणत. शब्द रुळलाय, तोच घ्या. ‘अलगीकरण’ ऐकलं की मला तर वाळीत टाकल्यासारखं वाटतं.

उत्तर
काका, बोलताना क्वारंटाईनच म्हणावं, त्याला माझी ना नाही. पण टिपण कायद्याचं आहे. ‘वाळीत टाकणे’ हा वास तुम्ही बरोबर ओळखलात, आणि म्हणूनच अलगीकरणासोबत येणारी सरकारची जबाबदारी लिहायलाच हवी. कलम 32 प्रमाणे अडकवलेल्या प्रवाशाला पुरेसं अन्न, पाणी, निवारा, औषधोपचार द्यायचे, सामान सांभाळायचं आणि त्याला समजेल अशा भाषेत संपर्काची सोय करायची. कलम 40 तर सांगतं की अलगीकरणाचं शुल्क प्रवाशाकडून घेऊ नये. वास्तव्यासाठी येणाऱ्यांचा अपवाद आहे. तरीही मे 2020 च्या केंद्राच्या सूचनांत परदेशातून येणाऱ्यांना सात दिवसांचं संस्थात्मक क्वारंटाईन स्वखर्चाने होतं, आणि ब्रिटननेही फेब्रुवारी 2021 पासून हॉटेलचे पैसे प्रवाशांकडून घेतले. नोकरी गमावून आखातातून परतणाऱ्या माणसाला हे बिल किती जड गेलं असेल! मला हे अन्यायाचंच वाटतं. ही कलमं आंतरराष्ट्रीय प्रवाशांपुरती आहेत, शाळेतल्या चाकरमान्याला ती लागू होत नव्हती. त्याच्यासाठी राज्यघटनेचं कलम 21, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, होतं.

पुण्याच्या 1897 च्या प्लेगमध्येही रुग्णांसाठी इस्पितळ आणि त्यांच्या घरच्यांसाठी ‘सेग्रिगेशन कॅम्प’ अशी वेगळी व्यवस्था होती. फरक तेव्हाही कळत होता. पण घरात शिरणाऱ्या सोल्जरांना जाब विचारणारी तरतूद त्याच वर्षीच्या साथरोग कायद्यात नव्हती. उलट, त्या कायद्याखाली सद्‌बुद्धीने केलेल्या कृतीबद्दल कुणावर दावा लावता येत नसे.

विचारणा
मग टिपणात पहिल्यांदा येईल तिथे ‘अलगीकरण, म्हणजे क्वारंटाईन’ असं लिहून पुढे अलगीकरणच ठेवते. आणि ‘पँडेमिक’साठी महामारी की महासाथ?

उत्तर
महासाथ. ‘मारी’त मरणाची छाया आहे, तर मूळ संज्ञा साथीच्या पसाऱ्याविषयी आहे. एक सांभाळा: 30 जानेवारी 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केली ती ‘आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’. महासाथ हा शब्द 11 मार्चला आला, आणि तेव्हाच्या नियमावलीत त्याला कायदेशीर स्थान नव्हतं. ‘महासाथ आणीबाणी’ ही संज्ञा 2024 च्या दुरुस्तीने आली. 2020 बद्दल लिहिताना ती वापरू नका.