बार्बाडोस : १९७०-८० च्या दशकांत तिथलं रोजचं जगणं कसं होतं?

पॅव्हेलियन_एंड

नमस्कार मंडळी. मुलगी टोरंटोला असते. येत्या जानेवारीत आम्हा दोघांना वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर न्यायचं तिनं ठरवलंय. तिनं पाठवलेल्या दुव्यांवर जिकडेतिकडे तोच निळा समुद्र, तीच पांढरी वाळू आणि हातात पेला घेतलेलं तेच जोडपं. माझ्या डोक्यातलं बार्बाडोस निराळं आहे. १९७१ साली ब्रिजटाऊनच्या कसोटीत आपले ६ बाद ७० झाले होते आणि मग सरदेसाई-सोलकर जोडीनं सातव्या विकेटसाठी १८६ धावा जोडल्या. मी तेव्हा शाळेत. पेपरातला तो धावफलक कापून वहीत चिकटवला होता. पण तिथल्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानाच्या फाटकाबाहेर काय होतं, हे काही कुठल्या पेपरात आलं नाही. लोक काय खायचे, पोट कशावर चालायचं, थंडीचे पळून आलेले गोरे पाहुणे त्यांना आवडायचे की सोसावे लागायचे?

पर्यटन कंपनीची माहितीपत्रकं नकोत. त्या काळात तिकडे राहिलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

टेनिसबॉल

राहिलेलो नाही, पण ब्रिजटाऊन म्हटलं की मला १९६२ आठवतं. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, जिवावरचं दुखणं. रक्त देणाऱ्यांत आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर होतेच, पण वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. हाच वॉरेल पुढे तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर आला. बाकी जाणकारांची वाट बघतो.

कृष्णाकाठ

मी राहिले आहे. १९७८ ते १९८५.

आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट. सांगलीकडचा कारखाना सोडून कॉमनवेल्थच्या एका योजनेतून तिकडे गेले आणि मागोमाग मी, दोन पोरांना घेऊन. त्यामुळे मला ते बेट दिसलं ते उसाच्या बाजूनं. तिथे ११ परगणे आहेत, दहा संतांच्या नावाचे आणि एक ख्राइस्ट चर्च. आमचं घर सेंट जॉर्जमध्ये. ज्या दोन परगण्यांना समुद्रच लागत नाही त्यांतला हा एक. खिडकीतून बघावं तर ऊस, डिसेंबरात त्याला आलेले तुरे, आणि मधूनच एखाद्या मोडक्या पवनचक्कीचा दगडी बुरूज. मला माहेरी आल्यासारखं वाटायचं, फक्त माणसं काळी आणि माती पांढरट. खाली सगळा प्रवाळाचा चुनखडी दगड, त्यातून गाळून आलेलं नळाचं पाणी असं गोड की मी इथून नेलेला फिल्टर खोक्यातून काढलाच नाही.

उसाचा मान किती, तर दोन डॉलरच्या नोटेवर राजा नाही, पुढारी नाही, जॉन बोव्हेल नावाचा ऊस-संशोधक. यांना त्याचं फार कौतुक. पगार झाला की एक नोट मुलांपुढे धरायचे. पण आम्ही पोचलो तेव्हा उसाची उतरती कळा लागलेली होती. १९६७ च्या सुमारास दोन लाख टनांच्या घरात गेलेली साखर १९८० पर्यंत पुष्कळ खाली आली होती, आणि पाहुणे मात्र साडेतीन लाखांवर गेले होते. बेटाची सगळी वस्ती अडीच लाख, हे लक्षात घ्या.

तुम्ही विचारता पोट कशावर चालायचं. तिथली मेख अशी की ऊसतोडीचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन मे-जूनपर्यंत, आणि हॉटेलांचा हंगाम मधल्या डिसेंबरापासून मधल्या एप्रिलापर्यंत. म्हणजे दोघांनाही माणसं हवीत ती एकाच वेळी. तरण्या पोरानं उन्हात कोयता का चालवावा? हॉटेलात इस्त्रीचे कपडे, डोक्यावर छप्पर, वर बक्षिशी. म्हणून ऊस तोडायला सेंट व्हिन्सेंट आणि सेंट लुशिया या शेजारच्या बेटांवरून माणसं आणायचे, आपल्याकडे बीडहून टोळ्या येतात तशी. आणि जून संपला की दोन्हीकडे एकदम सामसूम. कारखान्याची चाकं बंद, हॉटेलचे दर खाली, कामगारांना आठवड्याला दोन-तीन दिवस काम.

जुन्या काळी हंगाम संपला की मळ्यावर 'क्रॉप ओव्हर' नावाची जत्रा व्हायची. शेवटची गाडी फुलांनी सजवून आणायची आणि पाचटानं भरलेला एक बुजगावण्यासारखा माणूस जाळायचा. त्याचं नाव मिस्टर हार्डिंग. पुढे येणारे टंचाईचे महिने म्हणजे हा हार्डिंग. मधे ती जत्रा बंदच पडली होती. १९७४ साली पर्यटन मंडळानं पुढाकार घेऊन ती पुन्हा सुरू केली, कारण उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या खोल्या भरायच्या होत्या. उसाच्या सणाचं पुनरुज्जीवन हॉटेलांसाठी झालं, असा त्या बेटाचा हिशेब. आमच्या ह्यांना ते अजिबात पटायचं नाही. मला काही वाईट दिसलं नाही, लोक नाचायचे मात्र मनापासून.

आमची शेजारीण पश्चिम किनाऱ्यावर होलटाऊनच्या बाजूला एका हॉटेलात खोल्या आवरायची. तिच्या आईनं जन्मभर उसात खुरपणी केली होती. ही पहाटे बसनं ब्रिजटाऊनला, तिथे बस बदलून किनाऱ्याला. थांब्यावरच्या पाट्या मला फार आवडायच्या, गावाचं नाव वगैरे काही नाही, एकीकडे 'टू सिटी', दुसरीकडे 'आउट ऑफ सिटी'. संपलं! बक्षिशी अमेरिकन डॉलरमध्ये मिळायची, एकाचे तिथले दोन. ते ती डब्यात वेगळे ठेवायची. पाहुण्यांबद्दल तिची मतं ठाम होती. पलंगावर ओला टॉवेल टाकणारा कितीही पैसेवाला असो, तिच्या लेखी तो वाया गेलेला.

तिचं घर लाकडी. तिथे अशा घराला 'चॅटल हाउस' म्हणतात. घर स्वतःचं, पण खालची जागा मळेवाल्याची. म्हणून पाया खणायचाच नाही, प्रवाळाच्या सुट्या दगडांवर घर नुसतं टेकवायचं. मालकानं ऊठ म्हटलं की फळ्या सुट्या करून ट्रकवर घालायच्या आणि दुसरीकडे जोडायच्या. १९८० साली कायदा झाला आणि मळ्यावरच्या कुळांना राहती जागा दहा सेंट चौरस फूट दरानं विकत घेता यायला लागली. कागद हातात आल्यावर बाईनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर मागच्या बाजूला सिमेंटच्या विटांची एक खोली. पुढचं लाकडी घर तसंच, मागून भिंती चढत येतात. सबंध बेटावर तेव्हा असंच चाललेलं होतं. तिची ती खोली सगळी डब्यातल्या डॉलरांची.

खाण्याचं विचारलंत. उडते मासे! डिसेंबर ते जून ढिगानं. ऑइस्टिन्सच्या बाजारात बाया बोलता बोलता त्याचे काटे काढायच्या, सुरी कुठे फिरते ते दिसायचं नाही. त्याच्याबरोबर 'कूकू', म्हणजे मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात घोटायचं, चपट्या लाकडी काठीनं, गुठळी होऊ द्यायची नाही. भातात घालायला हिरव्या तुरीचे दाणे. हो, आपली तूरच. डाळ मात्र त्रिनिदादहून यायची. ब्रिजटाऊनच्या स्वान स्ट्रीटवर सुरतेकडच्या मुसलमान कुटुंबांची कापडाची दुकानं होती. त्यांची आधीची पिढी दारोदार कापड विकायची आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करायची. त्यांच्यातल्या एका भाभींकडून मला हिंग मिळायचा. दुसरं कोणी देऊन दाखवावा!

घरोघर रेडिफ्यूजनचा डबा. तारेवरून येणारा रेडिओ, बटण एकच, आवाज लहान-मोठा करायचं. सकाळी त्यावर मृत्यूच्या बातम्या लागल्या की रस्ता चिडीचूप.

आता झोप आली. बाकी उद्या.

गुहागरचा_बाबू

काकू, जबरदस्त. मी नव्वदीच्या दशकात क्रूझवर गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) होतो, बार्बाडोसला जहाज लागायचं. आमची बाजू सांगतो. सकाळी जहाज धक्क्याला, प्रवासी बसमधून गुहा बघायला (हॅरिसन्स केव्ह, १९८१ ला लोकांसाठी उघडली), आणि आम्हाला दुपारच्या जेवणानंतर दोन-तीन तास सुट्टी. पहिलं काम फोन. कार्ड घ्यायचं आणि रांगेत उभं राहायचं. गोवेकर, फिलिपिनो, इंडोनेशियन, सगळे एका रांगेत, प्रत्येकाला वाटायचं पुढचा फारच बोलतोय. मग कार्लाइल बेला पाण्यात उतरायचं. आम्हाला बघून कोणी माळा विकायला यायचं नाही, खिसा ओळखायचे बरोबर! त्यापेक्षा क्रिकेटच्या गप्पा. तेंडुलकरचं नाव काढलं की रम-शॉपवाला समोर खुर्ची सरकवायचा. १९९७ ला आपण १२० करायला निघून ८१ ला आटोपलो, त्यानंतर काही दिवस मी म्हणे श्रीलंकेचा होतो.

अर्थात

कृष्णाकाठ, वर्णन छान, पण सुरात उसाबद्दल थोडा हळवेपणा वाटला. ऊस म्हणजे तिथे गुलामगिरी. पर्यटन आलं नसतं तर शेजारणीची सिमेंटची खोली कुठून आली असती?

पॅव्हेलियन_एंड

काकू, हेच तर मला हवं होतं. धन्यवाद. दोन प्रश्न : स्थानिक लोक समुद्रावर जायचे का? आणि आम्ही तिथे गेल्यावर कसं वागावं?

कृष्णाकाठ

अर्थात, हळवेपणा नाही हो. खोली डॉलरांची, हे मीच लिहिलंय. उसात जन्म घालवलेली तिची आई म्हणायची, माझ्या नातवंडांच्या हातात कोयता नको. त्यावर मी कोण बोलणार? पण पैसा आला म्हणून बाकीचं बोलायचं नाही, हेही मला मान्य नाही.

पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यानं पूर्वी समुद्र दिसायचा. आमच्या सात वर्षांत डोळ्यांदेखत फटी बुजत गेल्या. एक हॉटेल, एक बंगला, एक भिंत. कायद्यानं किनारा सगळ्यांचा, कोणी अडवू शकत नाही. पण किनाऱ्यावर जायची वाट दोन भिंतींच्या मधून, हातभर रुंद, आणि तोंडाशी रखवालदार. तो अडवायचा नाही, नुसता बघायचा. तेवढं पुरतं. आमची शेजारीण ज्या हॉटेलात रोज जायची तिथल्या वाळूवर ती कधी बसली नाही. रविवारी ती भावंडांना घेऊन दुसरीकडे जायची, भाताचं पातेलं बरोबर घेऊन.

तर लोक समुद्रावर जायचे का? जायचे की! पहाटे. म्हातारी माणसं उजाडायच्या आत गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून तासभर गप्पा मारायची, बायकांच्या डोक्याला टोप्या. पाहुणे नाश्ता करून येईपर्यंत ही मंडळी घरी. दुपारी वाळूवर विकणारे तेवढे असायचे. त्यांतला एक इरसाल म्हातारा कोरफडीची पानं विकायचा. भाजून लाल झालेला गोरा दिसला की आधी हळहळायचा, मग सुरी काढायचा.

१९८३ च्या ऑक्टोबरात एक मजा बघितली. अमेरिकेनं जवळच्या ग्रेनाडा बेटावर सैन्य उतरवलं तेव्हा आमच्या विमानतळावर लष्करी विमानांची रीघ, आणि ऐन मंदीत पत्रकारांनी हॉटेलं भरली. शेजारणीला पुरा आठवडा काम लागलं. तिचं म्हणणं, हे लोक पलंगावर झोपतच नाहीत, चादरी बदलायचा त्रास नाही. त्याच वर्षी एप्रिलात आम्ही ओव्हलवर कसोटी बघायला गेलो होतो. मोहिंदर अमरनाथ मार खाऊन आत गेला, परत आला आणि पहिलाच उसळता चेंडू हूक केला. आजूबाजूचे बार्बाडोसवालेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. सामना हरलो ते वेगळं.

आता वागायचं. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, चौकशीच्या खिडकीवर, आधी 'गुड मॉर्निंग'. मग काम. थेट 'हे केवढ्याला' विचारलंत तर माल मिळेल, पण बाई दात चोखून असा आवाज काढेल की तुमची पत काय ते समजेल. पोहण्याचे कपडे घालून ब्रिजटाऊनच्या ब्रॉड स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या मुख्य बाजाररस्त्यावर, जाऊ नका (तुम्ही जाणार नाही, पण मुलीला सांगा). लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे कायद्यानं बंदी आहे. रोटीच्या दुकानात रोटी मागितलीत तर बटाटा-चिकन भरलेली गुंडाळी येईल, शाकाहारी असाल तर आधी विचारा.

आणि किनाऱ्यावर झाडाच्या खोडाला लाल पट्टा रंगवलेला दिसला तर त्याखाली बसू नका, पाऊस आला तर मुळीच नाही. मँचिनील म्हणतात. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, वासही गोड. विषारी असतं, आणि चिकानं कातडीला फोड येतात. आमच्या धाकट्याला हे झाड मी इंग्रजी मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं.