चर्चा : प्रॉडक्शनची (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरची) कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाइल कोडच्या रेपोत ठेवावी का?

रात्रपाळी :
‘कॉन्फिग फायली रेपोत ठेवणे हा अडाणीपणा आहे, सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टाका,’ म्हणजे सेटिंग्ज कोडबाहेर, सर्व्हरवरच ठेवा, हे कालचे विधान वाचून गप्प बसवेना. आमच्याकडे पेमेंटचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) तीस सेकंद होता आणि प्रॉडक्शनवर तीन. कोणीतरी सर्व्हरवर हाताने टाकलेला तो आकडा पहाटे अडीचला सापडला, तो कोणी आणि का टाकला हे मात्र आजतागायत कळलेले नाही. तो फाइलमध्ये असता, तर सहकाऱ्यांच्या रिव्ह्यूमध्येच कोणीतरी हटकले असते. शिवाय ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ या अॅप बांधणीच्या बारा नियमांपैकी ज्या तिसऱ्या नियमाचा दाखला दिला जातो, त्याच नियमात अॅपचे अंतर्गत कॉन्फिग कोडमध्येच असावे, असेही लिहिले आहे.

सह्यवारा :
ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. सर्व्हरवर हाताने आकडे बदलू देणे हा तुमच्या टीमचा ढिलेपणा झाला; त्याचे खापर व्हेरिएबल्सवर का फोडता? आमच्या रेपोत एकाने डेटाबेसचा पासवर्ड कमिट केला, म्हणजे रेपोत नोंदवला, आणि पुढच्या कमिटमध्ये पुसला, पण गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या इतिहासात तो तसाच राहिल्यामुळे अख्खी रात्र पासवर्ड बदलण्यात गेली. रेपो या क्षणी जगासमोर उघडा केला तर एकही गुपित फुटता कामा नये, ही कसोटीही त्याच नियमात आहे. ती वाचायची राहिली असावी.

कानामात्रा :
दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाही. व्हेरिएबलमधले मूल्य नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, असते, आणि पायथनमध्ये ‘फॉल्स’ या रिकाम्या नसलेल्या स्ट्रिंगला ‘बूल’ हे खरे-खोटे ठरवणारे फंक्शन लावले की उत्तर ‘ट्रू’, म्हणजे खरे, येते. एसएमएस बंद ठेवण्यासाठी आम्ही स्टेजिंगवर नेमके तेच लिहिले होते, आणि खऱ्या ग्राहकांना चाचणीचे संदेश गेले. यामल या कॉन्फिग फायलींच्या लेखनपद्धतीची तर बातच नको : नॉर्वेचा ‘एनओ’ हा कोड अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर १.१ आवृत्तीच्या नियमांनुसार तो ‘फॉल्स’ होतो. १.२ आवृत्ती २००९ मध्ये आली, तरी पायथनची यामल वाचणारी पाययामल लायब्ररी अजून जुन्याच नियमांनी वाचते.

सह्यवारा :
अवतरणचिन्हे द्या आणि मोकळे व्हा. नॉर्वेत आपले किती ग्राहक आहेत?

कानामात्रा :
प्रश्न नॉर्वेचा नाही, हे तुम्हालाही कळते. चिन्ह कोठे द्यायचे हे माणसानेच लक्षात ठेवायचे असेल, तर तोच माणूस शुक्रवारी संध्याकाळी ते विसरणार. प्रत्येक सेटिंगचा प्रकार अॅप सुरू होतानाच तपासावा आणि चूक आढळल्यास अॅपने सुरू होण्यासच नकार द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

रात्रपाळी :
हे मान्य. पासवर्ड रेपोत नकोत, हेही नाइलाजाने मान्य. पण कुबरनेटीस या सर्व्हरवर अॅप चालवणाऱ्या प्रणालीच्या सीक्रेटमध्ये (गुपिते ठेवण्याच्या जागेत) टाकले म्हणजे कुलूप लागले, असे समजणाऱ्यांनी तिथले बेस६४ ही कोणालाही उलगडता येणारी नुसती लिखाणाची पद्धत आहे, एन्क्रिप्शन नाही, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

सह्यवारा :
आभारी आहे, गुरुजी. टाइमआउट उद्यापासून फाइलमध्ये ठेवतो. पासवर्ड मात्र जिथे आहेत तिथेच राहतील.