ट्रिपनंतरचा जादा वार: ठेवायचा की काढायचा?

होटगीरोडचा_फायटर

जुळे सोलापुरात रविवारी आमचा गट डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) खेळतो, २००३ ची ३.५ आवृत्ती. 'इम्प्रूव्ह्ड ट्रिप' (ट्रिप म्हणजे शत्रूला पाडणं) या फीटमधला, म्हणजे पात्राच्या खास कौशल्यातला, जादा वार काढून टाकायचा, असं आमच्या डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, सुचवलंय. माझा याला ठाम विरोध आहे.

ज्यांना नियम माहीत नाही त्यांच्यासाठी: आधी टच अटॅक (नुसता स्पर्श साधायचा हल्ला) लागला पाहिजे. मग ताकदीचा २० बाजूंचा फासा, दोघांनी समोरासमोर टाकायचा. समोरचा ताकद किंवा चपळाई, जे जास्त ते वापरतो. आकाराच्या दर पायरीला ४ चा फरक पडतो, चार पायांच्या प्राण्याला वर आणखी ४. जिंकलात तर तो आडवा, हरलात तर तो लगेच तुम्हालाच पाडायला बघू शकतो. फीट असेल तर ताकदीच्या फाशात +४ आणि पाडल्या पाडल्या एक वार.

हा वार काही खिरापत नाही. पाडण्यानं शत्रूचा एकही हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) कमी होत नाही, त्यात गेलेला वार फक्त परत मिळतो. त्यासाठी बुद्धी १३ लागते आणि आधी 'कॉम्बॅट एक्स्पर्टीज' हे फीट घ्यावं लागतं. फायटरनं (लढवय्या पात्रानं) बुद्धीवर एवढे पॉइंट घालायचे आणि बदल्यात काय मिळवायचं, सांगा की.

सातरस्ता_डीएम

मालक, तुम्ही साखळीतली एकच कडी दाखवताय. पडलेल्याचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) जवळच्या वारांसाठी ४ नं उतरतो, म्हणजे तुमचा तो परत मिळालेला वार २० टक्क्यांनी जास्त लागतो. पुढं तो उठायला गेला की त्याची मूव्ह अ‍ॅक्शन (पाळीतली हालचालीची संधी) जाते, आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी (आयता मिळणारा वार) मिळतो. नाही उठला तर त्याच्या वाराला −४. एक फासा जिंकला की शत्रूची अख्खी पुढची पाळी मोडते. त्यात हातात स्पाइक्ड चेन (काटेरी साखळी) असेल तर हे सगळं १० फुटांवरूनही चालतं. माझे राक्षस टेबलावर येतात ते लोळायलाच, आणि खेळणाऱ्यांनाही त्यात भीती उरत नाही.

होटगीरोडचा_फायटर

"एक फासा जिंकला की" हे फार सहज म्हणालात. चौथ्या लेव्हलचा फायटर घ्या, ताकद १८, म्हणजे +४, फीटचे +४, एकूण +८. समोर ओगर राक्षस: ताकद २१ चे +५, मोठ्या आकाराचे +४, एकूण +९. हिशेब करून बघा, जिंकायची शक्यता ४३ टक्क्यांच्या आतच येते. आणि ओगरला तसाही एकच वार असतो. तो उठतो आणि मारतोच. आपल्यापेक्षा दोन पायऱ्या मोठ्याला तर ट्रिप करताच येत नाही.

सातरस्ता_डीएम

ओगर सोयीचा म्हणून घेतलात. ट्रोल राक्षस घ्या. त्याचे दोन पंजे आणि एक चावा. उठण्यात मूव्ह अ‍ॅक्शन गेली की हातात एकच वार राहतो, आणि दोन्ही पंजे लागल्यावर तो जे फाडतो तेही गेलं. ट्रोलची सगळी दहशत त्या फाडण्यात आहे.

तालमीतला

मी लहानपणापासून मातीत खेळलोय, म्हणून बोलतो. पट काढून खाली घेतलं की पैलवान थांबून विचार करत नाही. त्याच झटक्यात कब्जा घेतो, कारण खालच्याला सावरायला दिलं तर पाडलेलं वाया जातं. पाडणं आणि पुढचा डाव वेगळे नसतात. त्यामुळं जादा वार मला पूर्ण पटतो. उठताना सापडणंही खरंच आहे.

तीन_अ‍ॅक्शनवाला

पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत हे मला जास्त नीट वाटतं. ट्रिप हाही हल्लाच धरतात, म्हणून त्यामागचा वार −५ नं जातो. पडलेल्याचा एसी २ नं घटतो, निव्वळ तोटा ३ चा. म्हणजे पाठोपाठ मारता येतं, पण किंमत मोजून. उठायला तीनपैकी एक अ‍ॅक्शन जाते आणि त्यावर वार करायची मुभा सरसकट सगळ्यांना नाही. फायटरला ती पहिल्यापासून असते, तीच त्याची शान.

बाणवाली

तुमच्यात कुणी धनुर्धाऱ्याचा विचार करणार का? ३.५ मध्ये पडलेल्याला दुरून मारायचं तर त्याचा एसी ४ नं वाढतो. डी अँड डीच्याच २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला कमी तो धरायचा. फायटर दर पाळीला पाडतो आणि माझे बाण हुकतात. पाडायच्या आधी निदान विचारत तरी जा.

होटगीरोडचा_फायटर

ताई, हे बरोबर आहे. तुमची पाळी होईपर्यंत मी थांबू शकतो, त्यासाठी 'डिले' (आपली पाळी पुढं ढकलणं) आहेच. डीएमसाहेब, मधला मार्ग सांगतो: जादा वार ठेवा, उठतानाचा अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी फक्त पाडणाऱ्याला द्या.

सातरस्ता_डीएम

नाही. उठतानाचा वार सगळ्यांना वाटून मिळतो. क्लेरिक (पुजारी), रोग (चोरटा), शेजारी जो असेल तो त्यात सामील होतो, आणि डाव सगळ्या गटाचा होतो. तोही फेरीत प्रत्येकाला एकच, 'कॉम्बॅट रिफ्लेक्सेस' हे फीट नसेल तर. शिवाय तो वार उठण्याच्या आधी लागतो. शत्रू तेव्हा पडलेलाच असल्यानं त्याला परत पाडता येत नाही, म्हणजे आळा नियमातच आहे. जादा वाराला तसा आळा नाही. लेव्हल वाढली की प्रत्येक हल्ल्याच्या जागी ट्रिप, आणि प्रत्येक ट्रिपमागं वार. काढायचाच तर तो काढा.