चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) जॅक लावून इंजिन उचललं तर चालेल का?

सोळाचा_पाना: पेट्रोल हॅचबॅक, इंजिन आडवं. टायमिंगच्या (चेन/बेल्टच्या) बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन बॉडीला धरणारा रबरी आधार, फाटलंय, चेंबरच्या पॅकिंगमधून ऑइलही झिरपतंय. दोन्ही कामं घरीच करायचीत. पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत. जवळ २ टनी ट्रॉली जॅक आणि गाडीसोबतचा कैची जॅक.

काळे_हात: कैची जॅक डिकीतच राहू दे, तो टायर बदलण्यापुरता. आधी घोड्यांची (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची) जोडी आणा. ट्रॉली जॅक हायड्रॉलिक असतो, त्याचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. सिलच्या (दारांखालच्या कडेच्या) खाचांखाली घोड्या, प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायचा दीड फुटी तुकडा, नाहीतर पाय ब्लॉकच्या फटीत रुततो. विटा किंवा चिरे नकोत, ते एकदम फुटतात. पुढची चाकं हवेत गेली की गिअरचा उपयोग शून्य. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. गाडी टेकली की ढकलून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही खाली शिरायच्या आधी हलू दे.

टॉर्क_रॉड: चेंबरला थेट जॅक नको. पत्रा आत चेपला की ऑइल पंपाची जाळी तळाला टेकते, ऑइल ओढलं जात नाही आणि बेअरिंगं जातात. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तडकतो. मध्ये इंचभर जाड, चेंबरभर रुंद फळी घाला, ड्रेन बोल्ट सोडून. इंजिन उचलायचं नाहीये, भार घ्यायचाय. दांडा थोडा थोडा मारा, फाउंडेशनचा बोल्ट सैल फिरला की थांबा. आणखी मारलात तर तोच बोल्ट उलट बाजूने अडकतो. १०-१५ मिमीच्या वर जायचं तर आधी खालचा टॉर्क रॉड (इंजिन पुढे-मागे झुलू न देणारा जोड) सोडा. रेडिएटरचे होज आणि सायलेन्सरचा लवचिक तुकडा ताणला जात नाही ना, बघा.

सोळाचा_पाना: मग चेंबर काढताना जॅक कुठे लावू?

टॉर्क_रॉड: कुठेच नाही. आधी फाउंडेशन बदला, बोल्ट हाताने ३-४ आटे बसवून मगच पाना लावा. इंजिन स्वतःच्या आधारावर बसलं की बहुतेक हॅचबॅकमध्ये चेंबर सरळ उतरतो. क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी फ्रेम) आड येत असेल तर वरून सपोर्ट बार, म्हणजे इंजिन वरून टांगून धरणारी आडवी दांडी: पाय फेंडरच्या पत्र्यावर नाही, आतल्या चॅनेलवर, आणि साखळी इंजिनाच्या लिफ्टिंग हुकातच.

काळे_हात: बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. सपोर्ट बार भाड्यानेही मिळतो, विचारून बघा.