शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या स्त्रियांकडून पाळी-बाळंतपणाची माहिती कशी घ्यावी?

प्रश्न : निवासी_शल्य

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात सामान्य शल्यचिकित्सा विभागात पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. अपेंडिक्स, पित्ताशयातील खडे, हर्निया, स्तनातील गाठ अशा कारणांनी दाखल होणाऱ्या स्त्रियांच्या केसपेपरवर पाळीच्या माहितीसाठी एक ओळ असते आणि तिथे बहुतेक वेळा ‘नियमित’ एवढेच लिहिलेले असते. साठीच्या आजींच्या केसपेपरवरही मी तोच शब्द पाहिला आहे. मला ही माहिती नीट घ्यायची आहे, पण वॉर्डात खाटेला खाट लागलेली असते, नातेवाईक भोवती उभे असतात आणि मी पुरुष असल्याने बाई सासूकडे किंवा नवऱ्याकडे पाहूनच उत्तर देते. शस्त्रक्रियेच्या निर्णयात खरोखर फरक पडेल असे मी काय विचारलेच पाहिजे, आणि कसे?

उत्तर : स्त्रीरोग_सोलापूर

पोटदुखीसाठी तातडीने आलेल्या, पाळी येण्याच्या वयातील प्रत्येक स्त्रीला शेवटची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली, ती नेहमीसारखी होती का आणि तिच्या आधीची कधी आली होती, हे तिन्ही विचारा. गर्भ नलिकेत राहिला असेल तर पाळी चुकल्यानंतर थोडे थोडे अंगावर जाते आणि त्यालाच पाळी समजून ती बाई ‘आठ दिवसांपूर्वीच आली’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगते. पाळी नेहमीपेक्षा कमी गेली, हे फक्त दुसऱ्या प्रश्नातून कळते. तारीख आठवत नसेल तर एकादशी, अमावास्या, गावचा बाजार किंवा एखाद्या सणाच्या आधी की नंतर, असे विचारले की बहुतेकींना दोन-तीन दिवसांच्या फरकाने सांगता येते.

‘माझं ऑपरेशन झालंय’ असे बाई म्हणाली की आपल्याकडे ते बहुधा कुटुंब नियोजनाचे असते, आणि तेवढ्यावरून गर्भाची शक्यता सोडून देणे धोक्याचे आहे. स्त्री-नसबंदीनंतर अनेक वर्षे पाठपुरावा केलेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात नोंदवलेल्या १४३ गर्भधारणांपैकी ४७ गर्भाशयाबाहेरच्या होत्या. म्हणजे नसबंदीनंतर गर्भ राहणे दुर्मीळ असले, तरी राहिलाच तर तो नको त्या जागी असण्याची शक्यता बरीच मोठी असते. त्यामुळे लघवीची गर्भचाचणी काही मिनिटांत होणारी असताना, ती न करता उजव्या बाजूच्या दुखण्याला अपेंडिक्स ठरवून कोणालाही टेबलावर घेऊ नये.

तारीख कळली की इतर निदानांनाही दिशा मिळते. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर दुखत असेल तर बीज बाहेर पडतानाचे दुखणे असू शकते, आणि उत्तरार्धात दुखत असेल तर अंडाशयातील फुटलेली गाठ. अचानक सुरू झालेली, लाटांसारखी येणारी आणि उलट्यांसह असलेली कळ अंडाशयाला पीळ पडल्याची असू शकते. तिथे उशीर झाला तर अंडाशय जातो, म्हणून आम्हाला रात्रीसुद्धा बोलवा. तांबी बसवलेली आहे का आणि अंगावरून वास येणारे पांढरे जाते का, हेही विचारा, कारण ओटीपोटातील जंतुसंसर्ग यकृताच्या आवरणापर्यंत पोहोचला की तो हुबेहूब पित्ताशयाच्या दुखण्यासारखा वाटतो.

उत्तर : शल्य_अध्यापक

तातडीच्या रुग्णांबद्दल मॅडमनी जे लिहिले आहे ते पुरेसे आहे. मी नियोजित शस्त्रक्रियांबद्दल लिहितो, कारण तिथे वेळ हाताशी असूनही ही माहिती अधिकच दुर्लक्षित राहते.

सिझेरियनच्या व्रणातील गाठ हर्निया किंवा टाक्याची गाठ म्हणून आपल्याकडे पाठवली जाते. ती पाळीच्या दिवसांत वाढते आणि दुखते का, हा एक प्रश्न विचारला तर ते गर्भाशयाचे अस्तर व्रणात रुजल्याने झालेले दुखणे असल्याचा संशय येतो, आणि मग भोवतालच्या निरोगी ऊतींसह गाठ काढण्याची व गरज पडल्यास जाळी बसवण्याची तयारी आधीच करता येते.

तुम्ही मराठवाड्यात आहात म्हणून पिशवी काढलेल्या स्त्रियांबद्दल आवर्जून सांगतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले होते. त्यांतील कितीतरी जणी ऐन तारुण्यातल्या होत्या. अशी स्त्री तुमच्यासमोर आली तर ‘पाळी बंद’ लिहून पुढे जाऊ नका. कोणत्या वयात, कशासाठी आणि कुठे शस्त्रक्रिया झाली आणि अंडाशय ठेवले की काढले, हे विचारा व जुने कागद मागवा. अंडाशय शिल्लक असेल तर पीळ पडणे किंवा गाठ होणे अजूनही शक्य असते. स्तनाच्या कर्करोगात तर रजोनिवृत्ती झाली आहे की नाही यावर हार्मोनच्या औषधाची निवड ठरते आणि पिशवी नसलेल्या स्त्रीत पाळी हा निकषच उरत नाही, म्हणून तिथे रक्तातील हार्मोन तपासावे लागतात.

गोळ्यांबद्दल विचारताना ‘औषधे चालू आहेत का’ एवढ्याने भागत नाही. पूजा, लग्न, गणपती किंवा वारीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेतल्या जातात आणि त्यांना कोणी औषध समजत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल तर मोठ्या नियोजित शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधी त्या थांबवून दुसरे साधन द्यावे लागते, आणि तेवढा वेळ नसेल तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून उपाय करावे लागतात. रक्तस्राव किती होतो, हेही विचारा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. पाळीत जास्त जाते म्हणून हिमोग्लोबिन कमी आहे हे महिनाभर आधी कळले तर लोह देऊन ते वाढवता येते, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कळले तर रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ होते.

उत्तर : सिस्टर_वॉर्ड

कसे विचारावे, याबद्दल लिहिते. नातेवाइकांना ‘बाहेर जा’ म्हटले की संशय येतो. तपासणीची वेळ आहे असे सांगून बाईला ड्रेसिंग रूममध्ये न्यावे, सोबत सिस्टर असावी आणि दार लावावे. आधी मुले किती, बाळंतपणे कुठे झाली, हे विचारावे, मग मूल राहिले नाही किंवा पिशवी धुतली असे कधी झाले का, आणि त्यानंतर पाळीकडे यावे. ‘जास्त जाते का’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दिवसातून किती घड्या किंवा पॅड बदलावे लागतात, रात्री उठावे लागते का, गाठी पडतात का, याला मिळते.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. हर्नियासाठी दाखल झालेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे विचारत असेल, तर तिला बोलायला वेळ लागणारच, तो द्यावा.

निवासी_शल्य

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहते. सतरा वर्षांची मुलगी आईसोबत पोटदुखीसाठी आली तर गर्भचाचणीचा विषय कसा काढावा?

स्त्रीरोग_सोलापूर

पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीची ही चाचणी आम्ही पोटदुखीत करतो, असे आई आणि मुलगी दोघींना सारख्याच स्वरात सांगा, म्हणजे तिच्यावरच संशय घेतल्यासारखे होत नाही. उत्तर मात्र आधी तिला एकटीला सांगा. चाचणी सकारात्मक आली तर ती अठरा वर्षांखालील असल्याने पोक्सो म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली तर त्या अहवालात तिची ओळख उघड करण्याची गरज नसते.

सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला नवऱ्याची किंवा आईवडिलांची संमती लागत नाही, आणि गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिचे नाव व तपशील अनधिकृत व्यक्तीला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ही नोंद असलेला केसपेपर खाटेच्या पायथ्याशी लटकवू नका, सिस्टरांच्या ताब्यात ठेवा, आणि राउंडला तो भाग मोठ्याने वाचू नका.